अमेरिकन कॉलेज फुटबॉल: राष्ट्रीय विजेता नेमका ठरवतं कोण?

मधली_सुट्टी

डिसेंबर २०२५ ची अंतिम क्रमवारी समोर आहे आणि गणित काही जुळत नाही. राष्ट्रीय विजेता ठरवणारी बाद फेरी (प्लेऑफ) १२ विद्यापीठ-संघांची. क्रमवारीत नोटर डेम ११ वा, ब्रिगम यंग १२ वा. दोघंही बाहेर! आत कोण, तर २० वा ट्युलेन आणि २४ वा जेम्स मॅडिसन. आणि ड्यूकने एसीसी या बड्या कॉन्फरन्सचं (म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या समूहाचं) विजेतेपद मिळवलं, तरी तोही बाहेर. जाणकारांनी नियम उलगडून सांगावेत. अमेरिकेत मुलं शिकायला आहेत अशा घरांतून हा प्रश्न हमखास निघतो, म्हणून वेगळा धागा.

पंचनामा

जागा १२ आहेत, पण "पहिले १२ आत" असा नियमच नाही. २०२५ मध्ये नियम ५ + ७ चा होता.

निवड समिती १ ते २५ क्रमवारी लावते. त्या क्रमवारीत सर्वांत वर असलेले पाच कॉन्फरन्स-विजेते आधी आत जायचे. उरलेल्या सात जागा क्रमवारीप्रमाणे भरायच्या. २०२५ च्या नियमात कुठलीही कॉन्फरन्स नावानिशी लिहिलेली नव्हती, नुसतं "सर्वोच्च क्रमांकाचे पाच विजेते" एवढंच.

आता आकडे लावून बघा. पाच विजेते: इंडियाना (१), जॉर्जिया (३), टेक्सस टेक (४), ट्युलेन (२०), जेम्स मॅडिसन (२४). ड्यूक पहिल्या २५ मध्येच नाही, म्हणून एसीसीचा विजेता असूनही मागे पडला. उरलेले सात: ओहायो स्टेट (२), ऑरेगन (५), ओल मिस (६), टेक्सस ए अँड एम (७), ओक्लाहोमा (८), अलाबामा (९), मायामी (१०). सात जागा संपल्या. म्हणजे त्या वर्षी दार १० व्या क्रमांकाला बंद झालं. ट्युलेन आणि जेम्स मॅडिसन यांना मग ११ वं आणि १२ वं मानांकन मिळालं.

दार कुठे बंद होणार हे दरवर्षी बदलतं. २०२४ मध्ये क्लेमसन १६ वा होता, पण एसीसी जिंकून आत आला आणि ११ वा अलाबामा बाहेर बसला.

खडूस

ड्यूक एसीसीच्या अंतिम सामन्यात पोचला तो कसा, तेही सांगून टाका. खरी गंमत तिथे आहे.

पंचनामा

बरोबर, ते राहिलंच. एसीसीत १७ संघ आणि प्रत्येकाचे कॉन्फरन्समधले सामने फक्त आठ. सगळे सगळ्यांशी खेळतच नाहीत. व्हर्जिनिया ७-१ ने (सात विजय, एक पराभव) पहिला आला. दुसऱ्या जागेसाठी पाच संघ ६-२ वर अडकले: ड्यूक, मायामी, जॉर्जिया टेक, पिट्सबर्ग, एसएमयू. आपापसातले निकाल, समान प्रतिस्पर्धी वगैरे निकषांनी कोंडी फुटेना. शेवटी "तुमच्या कॉन्फरन्समधल्या प्रतिस्पर्ध्यांची विजयाची टक्केवारी किती" या निकषावर ड्यूक पुढे गेला. कॉन्फरन्सबाहेरच्या पराभवांना त्या हिशेबात जागाच नव्हती. ड्यूकने अंतिम सामन्यात जादा वेळेत व्हर्जिनियाला २७-२० हरवलं आणि ८-५ अशा कामगिरीवर एसीसीचा विजेता झाला. त्या पाच पराभवांतला एक ट्युलेनकडूनच होता, ३४-२७. तेव्हा ट्युलेन वर आणि ड्यूक खाली यात अन्याय शोधायला फार जागा नाही.

मधली_सुट्टी

हे पटलं. मग नोटर डेमचा आरडाओरडा कशासाठी होता?

तिरका_चेंडू

कारण शेवटच्या आठवड्यात नोटर डेम खेळला नाही, मायामीही खेळला नाही, तरी दोघांची जागा बदलली.

आदल्या मंगळवारी नोटर डेम १०, ब्रिगम यंग ११, मायामी १२. शनिवारी ब्रिगम यंग टेक्सस टेककडून ३४-७ हरला आणि घसरला. मधला संघ निघाल्यावर नोटर डेम आणि मायामी शेजारी आले. दोघेही १०-२. शेजारी आल्यावर समितीने आमनेसामनेचा निकाल काढला: ३१ ऑगस्टला मायामीने नोटर डेमला २७-२४ हरवलं होतं. झालं, मायामी १०, नोटर डेम ११.

समितीची बाजू अशी की आमनेसामनेचा निकाल दोन संघ जवळपास सारखे वाटले तरच वापरायचा, दूरच्या संघांना लावायचा नाही. माझं मत विचाराल तर मायामी आत हे योग्यच, पण तो ऑगस्टचा निकाल नोव्हेंबरभर सगळ्यांना ठाऊक होता. महिनाभर नोटर डेमला वर ठेवून शेवटच्या रविवारी खाली आणायचं, याला काय म्हणावं? त्यातून अलाबामा त्याच शनिवारी जॉर्जियाकडून २८-७ हरला आणि जागचा हलला नाही, ९ चा ९. म्हणून लोक जास्त भडकले. नोटर डेमने तर रागाने बोल सामना (हंगामानंतरचा मानाचा सामना) खेळायलाच नकार दिला.

गणितगोटी

समिती मत कसं देते हे कुणी सांगत नाही, म्हणून मी लिहितो. टीव्हीवर फक्त यादी दिसते.

समितीत १३ जण असतात: विद्यापीठांचे क्रीडा संचालक, माजी प्रशिक्षक, माजी खेळाडू, एखादा माजी पत्रकार. बैठक टेक्ससमधल्या ग्रेपव्हाइन गावी एका हॉटेलात. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून दर मंगळवारी यादी जाहीर होते आणि कॉन्फरन्सचे अंतिम सामने झाले की रविवारी शेवटची. दर आठवड्याला पाटी कोरी करून सुरुवात, निदान कागदावर तरी.

१. प्रत्येक सदस्य त्याच्या मते सर्वोत्तम ३० संघांची नावं देतो, क्रम न लावता. तीन किंवा जास्त सदस्यांनी घेतलेली नावं विचारात राहतात.

२. प्रत्येकाने त्यातले सर्वोत्तम सहा सांगायचे, पुन्हा क्रम न लावता. सर्वाधिक मतांचे सहा संघ पहिल्या मतपत्रिकेवर येतात.

३. आता त्या सहांना १ ते ६ क्रम. सर्वांत चांगल्याला १ गुण. ज्याचे गुण सर्वांत कमी तो वर. तेराही जणांनी पहिला क्रमांक दिला तर १३ गुण, त्याहून कमी शक्यच नाही. सर्वांत कमी गुणांचे तीन संघ क्रमवारीत १, २, ३ म्हणून पक्के होतात.

४. उरलेले तिघे पुढच्या फेरीत जातात. बाकीच्या संघांतून मतांनी आणखी तीन त्यांच्यात मिसळतात, परत सहा, परत मतदान, परत तीन पक्के. पहिले नऊ ठरेपर्यंत हेच, त्यानंतर २५ भरेपर्यंत आठांचे गट आणि दर फेरीला चार पक्के.

यातून एक गोष्ट होते जी वृत्तपत्रांच्या मतदानात होत नाही. समितीला एका वेळी सहा-आठच संघ तोलायचे असतात, त्यामुळे शेजारच्या संघांची तुलना बारकाईने होते. पण दोन संघ वेगवेगळ्या गटांत पडले तर त्यांची थेट तुलना होईलच असं नाही. मायामी-नोटर डेम प्रकरण या चौकटीत ठेवून बघा.

ज्या सदस्याची नोकरी एखाद्या विद्यापीठात असेल, त्याने त्या संघाच्या चर्चेच्या वेळी खोलीबाहेर जायचं आणि त्या संघाला मत द्यायचं नाही.

खडूस

निकष काय असतात? नुसतं "मला वाटतं"?

गणितगोटी

लिहिलेले निकष: प्रतिस्पर्धी किती तगडे, आमनेसामनेचा निकाल, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे निकाल, कॉन्फरन्सचं विजेतेपद, आणि महत्त्वाचा खेळाडू किंवा प्रशिक्षक उपलब्ध नसणं. कशाला किती वजन द्यायचं हे कुठेच लिहिलेलं नाही. २०२५ पासून "तुमच्या वेळापत्रकाच्या मानाने तुमची कामगिरी कशी" हे मोजणारा एक आकडाही सदस्यांसमोर ठेवतात. आकडे समोर असतात, सूत्र नसतं. एवढा मोकळेपणा हवाच होता, कारण सूत्राने आधी जो घोळ घातला तो कुणी विसरलं नव्हतं. त्याआधीचा इतिहास बखरवाला लिहितील, मग मी सूत्रावर येतो.

बखरवाला

लिहितो, पण थोडं मागून.

मूळ मुद्दा असा की कॉलेज खेळांची मध्यवर्ती संस्था एनसीएए ही फुटबॉलच्या सर्वोच्च विभागाचं विजेतेपद देतच नाही. बास्केटबॉलचं देते. फुटबॉलच्या खालच्या विभागाचंही देते, तिथे १९७८ पासून रीतसर बाद फेरी आहे. वरच्या विभागात मात्र विजेता नेहमी बाहेरच्या कुणीतरी जाहीर केला. आताचा प्लेऑफही एनसीएएचा नव्हे, कॉन्फरन्सेस आणि नोटर डेम यांनी मिळून चालवलेला आहे.

१९३६ पासून एपी या वृत्तसंस्थेचे पत्रकार मत देतात, १९५० पासून प्रशिक्षकांचं वेगळं मतदान. दोन मतदानं म्हटल्यावर दोन विजेते व्हायचे: १९९० मध्ये कोलोराडो आणि जॉर्जिया टेक, १९९१ मध्ये मायामी आणि वॉशिंग्टन, १९९७ मध्ये मिशिगन आणि नेब्रास्का.

दोघांना आपसात खेळवायचं का नाही? कारण हंगामानंतरचे बोल सामने ही पर्यटन वाढवणाऱ्या शहरांची जत्रा होती आणि करार आधीच बांधलेले असत. बिग टेन कॉन्फरन्सचा विजेता पॅसिफिक किनाऱ्यावरच्या कॉन्फरन्सच्या विजेत्याशी रोझ बोलमध्येच खेळणार, मग दुसरा अपराजित संघ मायामीत का असेना. १९९७ ला मिशिगन रोझ बोलमध्ये जिंकला आणि नेब्रास्का ऑरेंज बोलमध्ये. गाठ पडलीच नाही.

त्याहून मजेशीर १९६४ ते ६६. तेव्हा एपीचं अंतिम मतदान बोल सामन्यांच्या आधी व्हायचं. १९६४ ला अलाबामा विजेता जाहीर झाला आणि नंतर ऑरेंज बोलमध्ये टेक्ससकडून २१-१७ हरला. विजेतेपद तसंच राहिलं. टीका झाली म्हणून १९६५ ला एपीने बोल होईपर्यंत थांबायचं ठरवलं. चौथ्या क्रमांकावरचा अलाबामा जिंकला, वरचे तिन्ही हरले, पुन्हा अलाबामा! १९६६ ला एपी जुन्या पद्धतीवर परतलं. नोटर डेम आणि मिशिगन स्टेट यांच्यात १०-१० बरोबरी झाली, तरी पहिले दोन क्रमांक त्यांनाच. सगळे सामने जिंकलेला अलाबामा तिसरा. १९६८ पासून एपी कायमचं बोलनंतर मत घ्यायला लागलं. प्रशिक्षकांच्या मतदानाला ते शहाणपण १९७४ मध्ये आलं, तेही १९७३ चा त्यांचा विजेता अलाबामा शुगर बोलमध्ये नोटर डेमकडून २४-२३ हरल्यावर.

आणि १९८४ चा ब्रिगम यंग. १२-० ने अपराजित, पण कॉन्फरन्सच्या करारामुळे हॉलिडे बोलमध्ये खेळावं लागलं, समोर ६-५ असा मिशिगन. २४-१७ जिंकले आणि देशाचे विजेते झाले.

शेंगदाणा_चटणी

म्हणजे कसोटी क्रिकेटची जुनी गदा! क्रमवारीत जो पहिला, त्याच्या हातात गदा, अंतिम सामना वगैरे काही नाही. २०२१ मध्ये कसोटी अजिंक्यपदाचा पहिला अंतिम सामना झाला, आणि वाद "पहिला कोण" वरून "तुम्ही कुणाकुणाशी खेळून आलात" वर गेला. २०२५ ला दक्षिण आफ्रिका लॉर्ड्सवर जिंकली तोवर लोक हेच उगाळत होते.

गणितगोटी

चपखल. आता ते सूत्र. १९९८ ते २०१३ बीसीएस नावाची व्यवस्था होती: क्रमवारीतले पहिले दोन एकमेकांशी खेळणार, बस्स. पहिले दोन कोण हे मतदान आणि संगणकाची सूत्रं मिळून ठरवणार.

२००३ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया दोन्ही मतदानांत पहिला आणि बीसीएसमध्ये तिसरा! ओक्लाहोमा आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात कॅन्सस स्टेटकडून ३५-७ हरूनही बीसीएसमध्ये पहिला राहिला. अंतिम सामन्यात एलएसयूने (लुइझियाना स्टेट) ओक्लाहोमाला २१-१४ हरवलं. प्रशिक्षक करारानुसार त्या सामन्याच्या विजेत्यालाच मत द्यायला बांधलेले होते (तिघांनी तरी सदर्न कॅलिफोर्नियालाच दिलं), एपी बांधलेलं नव्हतं. दोन विजेते टाळायला काढलेल्या व्यवस्थेतून दोन विजेते.

मग सूत्र बदललं: दोन मतदानं आणि संगणक, प्रत्येकी एक तृतीयांश. पुढच्याच वर्षी एपीने अंग काढून घेतलं आणि त्याजागी हॅरिस मतदान आलं. उदाहरण म्हणून काल्पनिक संघ घ्या:

हॅरिसचे ११४ मतदार, पहिल्या क्रमांकाला २५ गुण, म्हणजे कमाल २८५०. संघाला मिळाले २७००. भागाकार ०.९४७.
प्रशिक्षकांचं मतदान त्याच रीतीने, समजा ०.९३०.
संगणक सहा. क्रमांक आले १, १, २, २, ३, ४. गुण २५, २५, २४, २४, २३, २२. सर्वांत मोठा एक आणि सर्वांत लहान एक टाकून द्या. उरले २५ + २४ + २४ + २३ = ९६, भागिले १००, म्हणजे ०.९६०.
सरासरी ०.९४६.

चुकायचं कुठे? २००२ पासून संगणकांना विजयाचं अंतर बघायला बंदी होती, म्हणजे ५५-३ आणि २१-२० सारखंच. शिवाय सहापैकी पाच सूत्रं पूर्णपणे उघड नव्हती, तपासणार कसं? २०१० मध्ये अंतिम क्रमवारीत चूक सापडली ती नेमकी त्या एकाच उघड सूत्रात, कॉलीच्या. खालच्या विभागातला ॲपालाचियन स्टेट विरुद्ध वेस्टर्न इलिनॉय हा एक निकाल भरायचा राहिला होता. तो भरल्यावर एलएसयू आणि बॉइझी स्टेट यांची १० व्या-११ व्या जागी अदलाबदल झाली. उघड सूत्रातली चूक सापडली. बाकी पाचांत काय होतं, देव जाणे.

तिरका_चेंडू

बीसीएसला बुडवलं ते मात्र २०११ ने. एलएसयूने नोव्हेंबरात अलाबामाला ९-६ हरवलं होतं. तरी अंतिम सामन्यात पुन्हा तेच दोघे, आणि अलाबामा २१-० जिंकला. एकाच कॉन्फरन्सचे, त्यातही एकाच गटाचे दोन संघ. तिसरा ओक्लाहोमा स्टेट हात चोळत बसला. २०१४ पासून चार संघांचा प्लेऑफ आला.

चार जागा आणि पाच मोठ्या कॉन्फरन्स, भांडण ठरलेलंच. सर्वांत वाईट २०२३. फ्लोरिडा स्टेट १३-०, एसीसीचा विजेता, तरी पाचवा. कारण त्यांचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरात पाय मोडून बसला होता आणि समितीच्या मते तो नसताना हा संघ वेगळा. एक पराभव असलेला अलाबामा चौथा. पुढे ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ धुतलं, पण तो पुरावा म्हणून मांडू नका, तोवर त्यांचे बरेच खेळाडू त्या सामन्यातून बाहेर पडले होते.

मधली_सुट्टी

१२ संघ झाल्यावर बाय (पहिली फेरी न खेळता पुढे चाल) कुणाला, हेही सांगा. २०२४ आणि २०२५ ची पद्धत वेगळी दिसते.

पंचनामा

पहिल्या चार मानांकितांना पहिल्या फेरीत बाय. ५ वि. १२, ६ वि. ११, ७ वि. १०, ८ वि. ९ हे सामने वरच्या मानांकिताच्या मैदानावर. पुढच्या दोन फेऱ्या सहा जुन्या बोलमध्ये आळीपाळीने: रोझ, शुगर, ऑरेंज, कॉटन, फिएस्टा, पीच. तक्ता एकदा लागला की निकाल बघून परत मांडणी करत नाहीत.

२०२४ मध्ये बाय फक्त कॉन्फरन्स-विजेत्यांना होता. त्यामुळे क्रमवारीतला ९ वा बॉइझी स्टेट तिसरा मानांकित झाला आणि १२ वा ॲरिझोना स्टेट चौथा. खरा तिसरा टेक्सस पाचवा मानांकित. याची शिक्षा अव्वल ऑरेगनला! सहावा ओहायो स्टेट ढकलला जाऊन आठवा मानांकित झाला आणि उपांत्यपूर्व फेरीतच ऑरेगनसमोर उभा ठाकला. ४१-२१. पुढे नोटर डेमला ३४-२३ हरवून तोच विजेता, ज्याने स्वतःची कॉन्फरन्स जिंकली नव्हती आणि नोव्हेंबरअखेर मिशिगनकडून घरी १३-१० हरला होता. २०२५ पासून मानांकन सरळ क्रमवारीप्रमाणे.

बायचा फायदा किती हा वादाचाच विषय आहे. २०२४ ला बायवाले चारही पहिल्याच सामन्यात हरले. २०२५ ला तिघे हरले, एकटा इंडियाना तरला (अलाबामाला ३८-३). एक कारण असं सांगतात. बायवाले डिसेंबरच्या पहिल्या शनिवारनंतर थेट वर्षअखेरीला उतरतात, २५ दिवसांच्या आसपास रिकामे. समोरचा संघ दहा-बारा दिवसांपूर्वी खरा सामना खेळून आलेला. इंडियाना मग १६-० करून, अंतिम सामन्यात मायामीला २७-२१ हरवून विजेता झाला. हो, तोच मायामी, ज्याला आत घ्यावं की नाही यावर सगळा दंगा होता.

खडूस

अवांतर: अलाबामाच्या "राष्ट्रीय विजेतेपदांत" १९४१ धरलेलं आहे. त्या वर्षी संघ ९-२, एपीत २० वा, स्वतःच्या कॉन्फरन्समध्येही पहिला नाही. हूलगेट नावाच्या एका गणिती पद्धतीने त्यांना पहिलं ठरवलं आणि विद्यापीठाने चाळीसेक वर्षांनी ते पुस्तिकेत घालून टाकलं. एनसीएएच्या नोंदपुस्तकात अशा सगळ्या निवडकर्त्यांची जंत्री आहे, मान्यता वगैरे नाही, नुसती नोंद. २०१७ ला सेंट्रल फ्लोरिडा निवडीच्या वेळी १२-० होता, चारांत घेतला नाही. त्यांनीही कॉलीच्या सूत्राचा हवाला देऊन विजेतेपदाचा ध्वज फडकवला. १९४१ चालतं तर हे का नाही?

शेंगदाणा_चटणी

पैसा कुणाला?

तिरका_चेंडू

कॉन्फरन्सला. २०२४ चे दर: संघ आत आला की ४० लाख डॉलर, उपांत्यपूर्व फेरीला आणखी ४० लाख, उपांत्य फेरीला ६० लाख, अंतिमला ६० लाख. नोटर डेम फुटबॉलमध्ये कुठल्याच कॉन्फरन्सचा नाही, त्यामुळे त्या वर्षीचे दोन कोटी एकट्याच्या खिशात गेले. आता २०२५ ला त्यांचा आवाज एवढा का चढला ते कळेल. १६ संघ करावेत का, थेट जागा कुणाला किती द्याव्यात, यावर एसईसी आणि बिग टेन या दोन बड्या कॉन्फरन्सची रस्सीखेच चालते तिच्या मुळाशीही हेच आहे.

मधली_सुट्टी

वाचनखूण साठवली. शेवटचं: पुढच्या नोव्हेंबरात मंगळवारची यादी आली की नवख्याने काय बघावं?

गणितगोटी

आधी थेट आत जाणाऱ्या पाच कॉन्फरन्स-विजेत्यांच्या शर्यतीत १२ व्या जागी किंवा त्याखाली कितीजण आहेत ते मोजा. तेवढ्या जागा खालून कमी होतात: एक असेल तर दार साधारण ११ ला, दोन असतील तर १० ला. मग दाराच्या वरखालचे तीन-चार संघ घ्या आणि त्यांच्यात आपसात कोण कुणाशी खेळलंय ते काढून ठेवा, मधला संघ घसरला की तेच निकाल वर येतात. चौथा-पाचवा क्रमांक बायसाठी, आठवा-नववा घरच्या मैदानासाठी. एपीची यादी रविवारी येते, तिचा प्लेऑफशी संबंध नाही, गोंधळू नका. अंतिम सामना तिकडे सोमवारी रात्री साडेसातला असतो, म्हणजे मुंबई-पुण्यात मंगळवारी सकाळी सहा.